खिडकी बंद करू नये

ऑफिस विद्यानगरहून कुकटपल्लीला हलवायचं ठरलं तेव्हा बाकीच्यांनी नव्या जागेत कँटीन आहे का, स्कूटरला सावली आहे का, अशा चौकशा केल्या. सुधीर औरादकरने एकच प्रश्न विचारला, आणि तो ऐकून मॅनेजर राव साहेबांनी चष्मा काढून पुसला. आपल्या टेबलावरचा कॉम्प्युटर क्षणभरही बंद न करता, चालू स्थितीत, शहराच्या या टोकाहून त्या टोकाला कसा न्यायचा, असा तो प्रश्न होता.

त्या कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडी असे. माउसचे लाड तिथे चालत नाहीत. पांढऱ्या अक्षरांत हुकूम टाइप करायचा आणि उत्तराची वाट पाहायची. कंपनीचं काम म्हणजे शाळेच्या बसचे निरोप पालकांच्या मोबाइलवर पाठवणं: ‘बस येत आहे, स्टॉपवर यावे.’ निरोप पाठवणारा प्रोग्राम रोज संध्याकाळी याच खिडकीतून सुरू करायचा, की दुसऱ्या संध्याकाळपर्यंतचे निरोप आपोआप जात. हे सगळं बसवून देणारा अमरदीप कधीच अमेरिकेला गेला होता. जाण्याआधी त्याने खिडकीत ‘लीड टाइम’ नावाची एक सेटिंग टाइप केली आणि सुधीरला बजावलं, की ही फक्त या खिडकीपुरती आहे, खिडकी बंद झाली की गेली. सवडीने ती एखाद्या फाइलीत लिहून ठेवतो, असंही तो म्हणाला होता. पण तेवढ्यात त्याचा व्हिसा आला.

तेव्हापासून सुधीर त्या खिडकीला डोळ्यांत तेल घालून जपत आला. औरादकरांच्या घराण्याला हे नवं नव्हतं. आजोबा निजामाच्या कचेरीत होते, वडील सचिवालयात, आणि एकदा उघडलेलं प्रकरण म्हणून बंद होऊ द्यायचं नाही असा दोघांचाही लौकिक होता. सुधीर रोज सकाळी खिडकीसमोर बसून ‘एको’ आणि पुढे सेटिंगचं नाव टाइप करी. एको म्हणजे, त्या नावाखाली काय ठेवलं आहे ते दाखव. खिडकी दाखवी: ९०. हे नव्वद कसले, हे त्याला ठाऊक नव्हतं, पण ते दिसले की त्याचा जीव भांड्यात पडे. या नव्वदांपायी त्याने कधी चार दिवस सलग रजा घेतली नाही. बायको मेधा तिरुपतीला शेवटी माहेरच्या माणसांबरोबर जाऊन आली. कॉम्प्युटरवर इंग्रजी, तेलुगू आणि उर्दूत पाटी होती, की खिडकी बंद करू नये. मराठीत तो स्वतः सांगत असे.

एरवी हे असंच सुखाने चाललं असतं. पण हेड ऑफिसने नव्या जागेबरोबर एक नवा नियमही पाठवला. कुकटपल्लीत दोन माणसं कमी करायची होती, आणि त्यांची नावं राव साहेबांनी मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळवायची होती. एक नाव, ज्याचं काम काय हे कोणालाच सांगता येत नाही त्याचं. दुसरं, सगळ्यांत नव्या माणसाचं. पहिलं कोणाचं हे ऑफिसातल्या चहावाल्यालाही कळलं. दुसरं स्वप्ना सोनकांबळेचं. सिकंदराबादची ही मुलगी, वडील रेल्वेत, नोकरीला लागून एक दिवाळीही झाली नव्हती.

सुधीर पन्नाशीला टेकलेला, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याची सगळी भिस्त आता त्या खिडकीवर होती. अशात भर मीटिंगमध्ये स्वप्ना म्हणाली, की ती सेटिंग फाइलीत लिहून टाकू आणि मशीन खुशाल बंद करू. सुधीरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने राव साहेबांना एवढंच विचारलं, की उद्या निरोप गेले नाहीत तर शाळांना तोंड कोण देणार. राव साहेबांना दुसऱ्याने तोंड दिलेलंच आवडत असे, त्यामुळे खिडकी चालू स्थितीतच हलेल असा निर्णय झाला.

रविवारी एक ट्रॉली ऑटो मागवली. तिच्यात इन्व्हर्टर, त्याची बॅटरी, कॉम्प्युटरचा डबा आणि मांडीवर मॉनिटर घेतलेला सुधीर, अशी मांडामांड झाली. स्वप्नाला वायरी धरायला बसवलं. इन्व्हर्टर सारखा टींटीं करत होता. ऑटोवाल्याने सगळा प्रकार पाहिला आणि विचारलं, “पेशंट को कां ले जाना, साब?”

मागून राव साहेब कारमधून फोटो काढत येत होते. अमीरपेटच्या सिग्नलला हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली. बॅटरी, वायरींचा गुंता आणि वाजणारा डबा एवढं एकत्र दिसल्यावर कोणत्याही हवालदाराने तेच केलं असतं. चार हात लांब उभा राहून त्याने ते बंद करायला सांगितलं.

“बंद नक्को बोलो, साब. बंद करे तो मेरी नौकरी जाती,” सुधीर काकुळतीने म्हणाला.

“और फटा तो मैं जातूं,” हवालदार म्हणाला.

राव साहेबांनी उतरून कंपनीची ओळखपत्रं दाखवली, हवालदाराने आपल्या साहेबांना फोन लावला, साहेबांनी त्यांच्या साहेबांना. तोवर इन्व्हर्टर उतरत चालला, म्हणून कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलातून वायर ओढून पेशंटला जगवावं लागलं. हॉटेलवाल्याने त्यासाठी आपला फ्रिज बंद ठेवला आणि तेवढ्या वेळात सगळ्यांना चार चार चहा पाजले. संध्याकाळी वरात कुकटपल्लीला पोचली. लिफ्टला वीज जोडायची राहिली होती, तेव्हा सगळं जिन्याने वर गेलं. खिडकी उघडीच होती. राव साहेबांनी हेड ऑफिसला फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, की माझ्या देखरेखीखाली चालू यंत्रणा न थांबवता हलवली.

सोमवारी नारळ फुटला. सगळ्यांसमोर सुधीरने एको केलं, ९० उमटले, टाळ्या झाल्या. सगळे जेवायला गेल्यावर स्वप्ना त्याच्या टेबलाशी आली आणि तिने एक वेगळा हुकूम टाइप केला. प्रोग्रामच्या हातात काय काय दिलं आहे, हे विचारणारा. खिडकीने लांबलचक यादी काढली. तिच्यात लीड टाइम नव्हता.

“सर, ही सेटिंग खिडकीने आपल्याजवळच ठेवलीय,” ती म्हणाली. “तुम्ही विचारलं की तुम्हाला दाखवते. प्रोग्रामला कधी दिलेलीच नाही. द्यायची तर पुढे ‘एक्स्पोर्ट’ लिहावं लागतं. ते लिहायचं राहिलं.”

“मग इतकी वर्षं निरोप कसे जातात, बेटा?”

“त्याच्या पोटात स्वतःचा आकडा आहे ना. सेटिंग नाही मिळाली की तो दहा धरतो.”

सुधीरला आधी लाज वाटली. निजामाच्या कचेरीपासून चालत आलेल्या घराण्याचा माणूस इतकी वर्षं रिकाम्या देव्हाऱ्यापुढे बसला होता. मग लाजेची जागा भीतीने घेतली, कारण हे राव साहेबांना कळलं की उद्याच्या यादीतलं पहिलं नाव पक्कं होतं. त्याने तिला एक दिवस थांबायची विनंती केली. स्वप्नाने खांदे उडवले. तिचंही नाव त्याच यादीत होतं, तिला कसली घाई.

ती गेल्यावर सुधीरने विचार केला, की सेटिंग वापरात नाही म्हणून आपण निरुपयोगी. ती वापरात आणली की आपणही उपयोगी. हिशेब सरळ होता. त्याने ‘एक्स्पोर्ट’ हा एकच शब्द लिहून पुढे सेटिंगचं नाव दिलं आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे प्रोग्राम सुरू केला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच ताठ मानेने घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळ नीट उजाडलीही नव्हती, आणि अर्ध्या शहरातले पालक मुलांना ओढत स्टॉपवर आले. निरोप स्पष्ट होता: ‘बस येत आहे.’ बसचे ड्रायव्हर अजून आपापल्या घरी दात घासत होते. कोणी मुलांच्या वेण्या रस्त्यावर घातल्या, कोणी दूध थर्मासमधून आणवलं. खरोखरच्या बस आल्या तेव्हा निम्मी मुलं दप्तरावर डोकं ठेवून झोपली होती आणि उरलेल्यांनी दुपारचे डबे संपवले होते. राव साहेब स्वतः लुंगीवर, दोन्ही हातांत आपल्या जुळ्या मुलांच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन, दीड तास उभे होते. एकेका शाळेचा फोन ते तिथेच घेत होते.

त्यांचा फोन आला तेव्हा सुधीरची पाचावर धारण बसली. नव्वद म्हणजे बस येण्याच्या किती मिनिटं आधी निरोप द्यायचा तो आकडा, हे त्याला इतक्या वर्षांनी त्या क्षणी कळलं. अमरदीपने कधी तरी चाचणीसाठी घातलेला तो आकडा, सुदैवाने कोणाच्या कामी न आलेला. ऑफिसात पोचून त्याने स्वप्नाला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सर, खिडकी बंद करा.”

सुधीरने डोळे मिटले आणि बंद केली. काहीही झालं नाही. नवी खिडकी उघडून त्याने प्रोग्राम सुरू केला. प्रोग्रामला सेटिंग मिळाली नाही, त्याने पोटातले दहा धरले, आणि दुपारी शाळा सुटतानाचे निरोप बिनचूक गेले.

आता राव साहेब येतील आणि खरं काय ते विचारतील, या धास्तीने सुधीरने जेवणाचा डबाही उघडला नाही. पण राव साहेबांनी शाळांना आणि हेड ऑफिसला सकाळीच कारण कळवून टाकलं होतं: प्रवासात यंत्रणेला धक्का बसला. देखरेखीचं श्रेय स्वतःच्या नावावर घेतलेलं असताना, ज्यात कोणाचीच चूक नाही अशा धक्क्याशिवाय दुसरं कारण त्यांना परवडणारं नव्हतं. आणि तो धक्का दुपारच्या आत दुरुस्त करणारा माणूस समोर बसला होता. त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

“इत्ते बरसों से कुछ बिगड़ा नै,” ते म्हणाले, “तो हम समझे, ये आदमी कुछ करताच नै.”

सुधीरने मान खाली घातली. त्याला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि सगळ्यांना तो विनय वाटला. राव साहेबांनी नव्वद दाखवायला सांगितले. त्याने एको केलं. खिडकीत एक कोरी ओळ उमटली.

“नब्बे कां गए?”

“छुपाके रखा, सर,” सुधीरच्या तोंडून निघून गेलं. “अब किसीकू नै दिखता.”

राव साहेब त्या कोऱ्या ओळीकडे आदराने पाहत राहिले. मग म्हणाले, की एवढी विद्या एकाच माणसाजवळ असणं कंपनीला धोक्याचं आहे, हाताखाली कोणी तरी तयार झालं पाहिजे. त्यांची नजर स्वप्नावर थांबली. हे सगळं शिकायला तिला किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं.

सुधीरने तिच्याकडे पाहिलं. झाकली मूठ आता तिच्या हातात होती. मशीन खुशाल बंद करू असं भर मीटिंगमध्ये सांगणारी मुलगी, एका वाक्यात खरं सांगून मोकळी झाली असती. ती पुढे आली, वाकली, आणि पडद्यावरची कोरी ओळ बराच वेळ बारकाईने वाचत राहिली.

“मुश्किल है, सर,” शेवटी ती म्हणाली. “साल तो लगताच.”

“जल्दी नक्को. दो साल लेव,” राव साहेब म्हणाले आणि दोन नवी नावं शोधायला आपल्या केबिनमध्ये गेले.