दादासाहेबांची गैरहजेरी

"येत्या दसऱ्याला अख्खं घराणं एका पडद्यावर आणून दाखवतो!" जगदेवरावांनी जाहीर केलं आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप असा उघडला, जणू पणजोबांची तलवारच म्यानातून काढली.

घराणं म्हणजे पंधरा माणसं. पण खरी वाट होती एकाचीच: थोरले बंधू दिग्विजयसिंह, ऊर्फ दादासाहेब यांची. एकेकाळी दोघे भाऊ एकाच सायकलवरून शहरातल्या पाटणकर बाजारातून पार दुसऱ्या टोकाच्या मुरारपर्यंत जायचे. पायडल मारायचा जगदेव, घंटी वाजवायचे दादासाहेब. मग नऊ वर्षांपूर्वी जगदेवरावांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत दादासाहेबांचं नाव दुसऱ्या ओळीत छापलं गेलं! अक्षता टाकून, न जेवता, ते बडोद्याला परत गेले. तेव्हापासून एक फोन नाही.

"बाबा, झरोका ॲप घ्या," त्याच लग्नात घरी आलेली सून गरिमा ऑफिसला निघता निघता म्हणाली. "उसमें सब एक साथ दिखते हैं."

शोधल्यावर झरोके तीन निघाले: झरोका मिनी, झरोका होम आणि झरोका दरबार. कोणता कशासाठी, हे कंपनीने सरकारी गुपितासारखं जपलं होतं. तिन्हींखाली एकच वाक्य: 'अपनों को जोड़े.'

"मिनी घ्या की," पत्नी मंदाताई पोळी लाटत म्हणाल्या.

"दादासाहेबांना मिनीत बोलावू? दुसऱ्या ओळीपायी नऊ वर्षं गेली, मिनीपायी जन्म जाईल!"

"मग होम?"

"अगं, आपल्या पणजोबांना दरबारात खुर्चीचा मान होता. आणि दादासाहेबांना होममध्ये बसवू?"

झालं! दरबार घेतला. त्याने सगळ्यांची नावं, नंबर आणि ज्येष्ठता विचारली. जगदेवरावांचे डोळे पाणावले. "बघ मंदा, ज्येष्ठता विचारतोय! बनवणारा नक्की आपल्यातलाच." त्यांनी दादासाहेबांना क्रमांक एक दिला आणि उत्साहाच्या भरात 'आज से शुरू' दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी मंदाताईंचा फोन वाजला. 'मंदा जी, आज आप काम पर नहीं आईं. कारण बताएँ.'

"अहो!" हातात उलथनं घेऊन मंदाताई बाहेर आल्या. "चाळीस वर्षांत एक खाडा नाही माझा! आणि कारण मला विचारता?"

इंदूरच्या पुतण्याने विचारलं, "काका, मी तुमच्याकडे नोकरीला कधी लागलो?" जगदेवरावांनी सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं: दरबार म्हटला की शिस्त आलीच.

चौथ्या दिवशी मात्र पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'दिग्विजयसिंह जी लगातार तीन दिन अनुपस्थित. नोटिस भेज दिया गया.'

जगदेवरावांनी दिसेल ते बटण दाबून पाहिलं; नोटीस काही परत येईना. संध्याकाळी गरिमाने लॅपटॉपकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, ये तो कंपनीवालों के लिए है, हाजिरी का! एकमेकांना बघायचं असतं ते मिनीवर."

"आणि होम?"

"त्याने पाण्याची मोटर चालू होते."

"मग नावं कोण ठेवतं गं यांना? आत्याबाई तरी बाळाकडे एकदा बघून ठेवते!"

तेवढ्यात फोन वाजला. बडोदा. जगदेवरावांनी तो तापलेल्या तव्यासारखा दोन बोटांत धरला.

"जग्या." आवाज तोच, फक्त थोडा थकलेला. "नोटीस मिळाली."

"दादासाहेब, ती... ते मी नाही, तो दरबार..."

"तीन दिवस लिहिलंयस. मी नऊ वर्षं गैरहजर आहे. हजेरी नीट ठेवत जा!"

जगदेवराव जुन्या सवयीने उठून उभे राहिले.

"माझं नाव यादीत कितवं?"

"पहिलं, दादासाहेब."

पलीकडून पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग, "बरं. दसऱ्याला येतो. मंदाला म्हणावं, त्या वेळचं जेवण बाकी आहे."

ते आले, दोनदा वाढून घेऊन जेवले. जाताना मात्र दरबार बंद करू दिला नाही. कारभार स्वतःकडे घेतला. आता जगदेवराव रोज नऊच्या आत, चहाच्या आधी, हजेरी लावतात. गेल्या मंगळवारी सात मिनिटं उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा खाडा लागला! तोंडी खुलासा घ्यायला दादासाहेबांनी स्वतः फोन केला. तो पाऊण तास चालला.

बुधवारी जगदेवराव पुन्हा उशिरा उठले.