नायबची पैसेवारी

कापसाच्या संकटाचा सखोल अभ्यास करण्यासाठी यवतमाळात आलेल्या समितीच्या ताफ्यातली तिसरी गाडी भर सकाळी यज्ञेश्वररावांच्या कुत्र्याच्या मागच्या डाव्या पायावरून गेली. समितीला आधीच उशीर झालेला असल्यामुळे पायाचा अभ्यास होऊ शकला नाही.

त्या वर्षांत जिल्ह्यात कापूस नीट येत नव्हता, पण समित्या मात्र भरघोस येत होत्या. खरिपात येत, रब्बीत येत, उन्हाळ्यात तर बांधावर मंडप टाकून येत. तेव्हा एखाद्याच्या अंगावरून समिती जाणं यात गावाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं, की त्या कुत्र्याचा विमा होता.

कुत्र्याचं नाव नायब. यज्ञेश्वरराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. नायब तहसीलदाराची खुर्ची त्यांना शेवटपर्यंत दिसली, मिळाली नाही. मग निवृत्तीनंतर घरात पिल्लू आलं तेव्हा नावाचा प्रश्न एका मिनिटात सुटला. "नायब, बस खाली!" असं रोज सकाळी ओरडून म्हटलं की त्यांचा चहा गोड लागत असे. मुलगा सलील पुण्याला, तो फोनवर बारा शब्द बोले. नायब दिवसभर पायाशी बसून सगळं ऐकून घेई. खरं सांगायचं तर त्या म्हाताऱ्याचा जीव होता कुत्र्यात, फक्त ते कबूल करायला त्याला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागली असती.

आळीतल्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि सांगितलं, "नागपूरला न्या, सळी टाकावी लागेल. लवकरात लवकर न्या मात्र. हाड वाकडं जुळलं की मग ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही."

शुभदाकाकूंनी लगेच पिशवी भरली. "चला, दुपारची एसटी आहे."

"अशी कशी चला?" यज्ञेश्वरराव म्हणाले. "विमा आहे आपला. कंपनीच्या पाहणीआधी उपचार केला तर नुकसान कमी दिसेल. कलमच आहे तसं."

"अहो, नुकसान कमी व्हावं म्हणूनच तर नेऊन राहिलो ना त्याला!"

"शुभदा, भावनेनं दावे मंजूर होत नसतात."

'जिव्हाळा पाळीव प्राणी विमा कंपनी'चा तो करारनामा त्यांनी घेतला होता तोच मुळी तो बावीस पानी होता म्हणून. लोक पोथी वाचतात तसा त्यांनी तो पाट मांडून वाचला होता. त्यातलं 'एक्सेस' हे प्रकरण तर त्यांना विशेष आवडलं होतं. कोणतंही नुकसान झालं की त्याचा पहिला घास विमेदारानं गिळायचा, मग उरलं तर कंपनी जेवायला बसणार. "अगदी रास्त आहे," ते तेव्हा म्हणाले होते. "नाहीतर लोक उठसूट पाय मोडून घेतील." काकूंनी पिशवी खुंटीला अडकवली आणि सोमवारपर्यंतची मुदत दिली.

कंपनीचे दावा अधिकारी अनिमेष दुसऱ्या दिवशी आले. तरुण, गुळगुळीत, गळ्यात ओळखपत्र. नायबनं तशाही अवस्थेत शेपटी हलवून स्वागत केलं, त्याची त्यांनी "प्रकृती प्रसन्न" अशी नोंद घेतली.

"सर, तुमच्या पॉलिसीत एक्सेस पंचवीस टक्के आहे," अनिमेष मृदू आवाजात म्हणाले. "नुकसानीच्या नाही, संपूर्ण प्राण्याच्या. आता पाय किती? चार. मोडला किती? एक. म्हणजे झालेलं सगळं नुकसान तुमच्या हिश्शातच बसलं. अगदी काठोकाठ."

"आणि दुसरा मोडला असता तर?"

"तर कंपनी आनंदानं उभी राहिली असती. पण इथे अजून एक तरतूद आहे. संकटग्रस्त जिल्ह्यात एक्सेस दुप्पट होतो."

"काहून बरं?" काकूंनी विचारलं.

"काकू, संकटाच्या ठिकाणी नुकसान जास्त होतं ना! जिथे काहीच होत नाही, तिथे आम्ही एक्सेस अगदी नाममात्र ठेवतो."

"म्हणजे अर्धं कुत्रं गेल्याशिवाय तुम्ही काही देणार नाही?"

"पण उरलेल्या अर्ध्याला आमचं पूर्ण संरक्षण आहे," अनिमेष म्हणाले.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि ते रात्रभर कण्हतं, ते कोणाच्या हिश्शात धरता तुम्ही?" अनिमेषनी करारनामा चाळला. कण्हण्याबाबत तो मौन होता.

आता कोणीही शहाणा माणूस इथे हात जोडून उठला असता आणि कुत्र्याला काखोटीला मारून एसटी स्टँडवर गेला असता. पण यज्ञेश्वररावांचे डोळे लकाकले. पन्नास टक्के! त्यांना एकदम आपलं जुनं टेबल, त्यावरचा पितळी पेपरवेट आणि चोवीस वर्षांची सेवा आठवली. त्यांच्याकडे पिकांच्या पैसेवारीचं काम होतं. पूर्ण पीक म्हणजे रुपया, अन् पन्नास पैशांच्या आत आलं तरच सरकारला दुष्काळ दिसतो, हे ज्याला माहीत नाही तो वऱ्हाडात जन्मलेलाच नाही. आणि ही मोजणी कोणा एकाच्या शेताची करायची नसते. नमुना घ्यायचा, सरासरी काढायची. सरासरी बरी निघाली की तुमचं जळालेलं शेतसुद्धा बरं.

"साहेब, पाय म्हणजे पाव कुत्रं हा हिशोबच अशास्त्रीय आहे," ते ताठ बसून म्हणाले. "शेपटी कुठे धरली? कान कुठे धरले? एकट्या कुत्र्यावरून नुकसान ठरवणं हीच मुळात चूक. महसूल मंडळातली नमुना कुत्री घ्या, चालण्याची सरासरी काढा, पन्नास पैशांच्या आत आली तर सरसकट दावे मंजूर करा. मी टिपण लिहून देतो."

अनिमेषनी ते शब्दशः लिहून घेतलं. कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत मोठमोठ्या पदव्यांचे लोक बसले होते, पण हे कोणाला सुचलं नव्हतं.

यज्ञेश्वररावांचा हिशोब तसा खोटा नव्हता. त्या साली आळीतल्या कुत्र्यांच्या बरगड्या लांबून दिसत होत्या. अर्धी लंगडत होती, उरलेली खाजवत होती. सरासरी पन्नासच्या वर जाणं अशक्य. "आपल्या नायबचं तर होईलच," त्यांनी बायकोला समजावलं, "पण सगळ्या मंडळाचं कल्याण होईल."

"मंडळाला खड्ड्यात घाला. मले माझं कुत्रं पाहिजे," काकू म्हणाल्या. एरवी त्या बऱ्यापैकी पुस्तकी मराठी बोलत, पण संतापल्या की माहेर तोंडात येई.

शनिवारी बोरी अरब गावचे शेतकरी रामराव तुरीची डाळ घेऊन आले. दरवर्षी आणून देत. त्यांनी नायबला पाहिलं, उकिडवे बसून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"अरे बाप्पा! याले अजून नागपूरले काहून नाही नेलं जी?"

यज्ञेश्वररावांनी मोठ्या हौसेनं सगळी योजना सांगितली. रामराव ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे याचा पाय पायनार नाही कोनी. बाकीच्या कुत्र्यांचे पायतीन."

"बरोब्बर!"

"आमच्या गावावर गारा पडल्या त्या साली तुमी मले हेच सांगतलं होतं. म्हने, रामराव, मानसानं आपल्या वावराकडे पाहू नये, मंडळाकडे पाहावं. माह्या वावरात बोंड नव्हतं उरलं अन् मंडळ निघालं बावन्न पैसे."

"बघा!" यज्ञेश्वरराव काकूंकडे वळून अभिमानानं म्हणाले. "इतकी वर्षं झाली, पण यांच्या लक्षात आहे."

"राह्यतेच न," रामराव म्हणाले आणि डाळीची पिशवी आत ठेवून गेले.

रविवारी कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या आवारात नमुना चाचणी झाली. चुन्यानं रेघ आखली होती, समोर खांब होता. कंपनीनं यज्ञेश्वररावांना 'मानद पैसेवारी तज्ज्ञ' असा बिल्ला आणि एक शिट्टी दिली होती. त्यांनी तो बिल्ला दोनदा पुसला. मंडळातली निवडक कुत्री दोरीला बांधून आणली गेली. प्रश्न एवढाच उरला, की कुत्र्यांनी पळावं कशासाठी? अनिमेषनी खांबाजवळ बिस्किटांचे पुडे फोडले.

शिट्टी वाजली, आणि पुढे जे झालं ते यज्ञेश्वररावांनी सेवेच्या काळात कधी पाहिलं नव्हतं. दोन दिवसांत पोटात काही न गेलेली ती कुत्री अशी सुटली, की चुना उडाला. लंगडी तीन पायांवर पळाली. खाजवणारी खाजवायची विसरली. एक आंधळी कुत्री वासावर पळून दुसरी आली. अनिमेष आनंदानं वेळ टिपत होते. भूक या नोंदीला तक्त्यात रकाना नव्हता. "काय जोम आहे सर तुमच्या जिल्ह्यात!" ते म्हणाले.

फाटकाशी काकू नायबला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्याला कोणी नमुन्यात घेतलं नव्हतं. पण सरासरी चढताना पाहून घाबरलेल्या यज्ञेश्वररावांचा "थांबा, थांबा!" असा ओळखीचा आवाज शिट्टीमागून आला आणि त्यानं कान टवकारले. हिसका देऊन तो खाली पडला, केकाटला, उठला आणि मोडका पाय हवेत धरून निघाला. बिस्किटांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तो थेट आपल्या म्हाताऱ्यापाशी आला आणि त्याच्या चपलांवर डोकं टेकून धापा टाकत पडला.

"हा तुमचा दावेदार ना?" अनिमेषनी विचारलं. "पळतो की छान! नोंद घ्या सर."

यज्ञेश्वररावांनी पेनाचं टोपण काढलं. पेन टेकवावं की फेकावं, हे त्यांना कळेना. काकू लांबून ओरडल्या, "लिहू नका हो! हात जोडते, लिहू नका!" यज्ञेश्वररावांनी खाली पाहिलं. नायबनं त्यांच्याकडे पाहून शेपटी हलवली. पण चोवीस वर्षांत त्यांनी तक्त्यातला रकाना कधी रिकामा सोडला नव्हता. त्यांनी लिहिलं : 'अंतर पूर्ण केले.'

मंडळाची पैसेवारी सत्त्याऐंशी निघाली. कंपनीनं त्याच संध्याकाळी कळवलं, की मंडळातील पायांची स्थिती सर्वसाधारण असून त्यात कोणताही पाय मोडल्याचं आढळून येत नाही.

सोमवारी काकू एकट्याच नागपूरच्या एसटीत बसल्या, कुत्रं मांडीवर घेऊन. तिथल्या डॉक्टरांनी पाय चाचपला आणि मान हलवली. चार दिवस आधी आणायला हवं होतं, म्हणाले. नायब आता तीन पायांवर फिरतो. यज्ञेश्वरराव रोज सकाळी त्याच्याबरोबर निघतात, त्याच्या चालीनं सावकाश. "बस खाली" असं ते त्याला आता म्हणत नाहीत.

त्यांची पद्धत मात्र खूपच गाजली. जिव्हाळा कंपनीनं ती सगळीकडे लागू केली, दावे जवळजवळ बंद झाले. संकटाच्या अभ्यासाला पुन्हा आलेल्या समितीनंही यवतमाळच्या कुत्र्यांच्या वेगाची आपल्या अहवालात कौतुकानं दखल घेतली. माणसांच्या आरोग्य विम्यालाही हीच पद्धत लावावी असा प्रस्ताव सध्या विचाराधीन आहे.

तुम्ही हे आरामखुर्चीत बसून वाचताय, अधूनमधून हसताय, मधेच उठून चहाही टाकून आलात. गुडघे ठणठणीत आहेत ना? छान. नमुना म्हणून त्यांची नोंद कालच झाली आहे. तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड म्हणूनच तर कागदोपत्री मोडलेलं नाही.