चारी कोपरे चांगले

विक्रीला आलेल्या मोटारीला कधीही अपघात झालेला नसतो, हा निसर्गनियम आहे. अपघात देशात दरवर्षी हजारोंनी होतात, त्यांचे आकडे छापून येतात, चेपलेल्या मोटारींचे फोटोही येतात. पण झरका शहराच्या रस्त्याला दुतर्फा ज्या वापरलेल्या मोटारी ओळीने उभ्या असतात, त्यांत असली एकही दुर्दैवी मोटार आढळत नाही. (उस्ताद मुन्झिर यांनी सलग तीन शुक्रवार हिंडून दोनशे चौदा मोटारींची चौकशी केली. अपघात झालेल्या : शून्य. एकाच मालकाने वापरलेल्या : दोनशे चौदा. तो मालक म्हणजे एखादी शाळेतली बाई, जी घर ते शाळा एवढंच हळूहळू चालवायची : एकशे सत्तेचाळीस. उस्तादांनी स्वतः एकतीस वर्षं शाळेत काढली होती आणि त्यांच्या बरोबरच्या सगळ्या बाया बसने यायच्या. पण एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवणं बरं नव्हे.)

उस्ताद मुन्झिर हे सल्त गावातले निवृत्त गणित शिक्षक. शालान्त परीक्षेचे पेपर तपासताना त्यांनी आयुष्यात कुणाला अर्धा मार्कसुद्धा फुकट दिला नाही. निम्मं गाव त्यांच्यामुळे इंजिनियर व्हायचं राहिलं, असं गावातले लोक आदराने सांगत. त्यांना गाडी हवी होती ती स्वतःसाठी नाही, मुलीसाठी. रनीम नर्स झाली होती आणि तिची नेमणूक खाली शूनाच्या दवाखान्यात झाली होती. सल्तहून शूनाला जाणारा रस्ता म्हणजे निव्वळ घाट. वळणांमागून वळणं, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. एक तारखेपासून रोज एकटीने उतरायचं होतं, म्हणून उस्तादांना गाडी पारखून घ्यायची होती.

अबू नायेफच्या दुकानावर 'ही सगळी माझ्या पालनकर्त्याची कृपा' अशी पाटी होती. माणूस अंगाने आडवा, आवाजाने मऊ. त्याने आधी मरमियाची पानं घातलेला चहा पाजला आणि मग पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवलं.

"उस्ताद, मला काही विचारूच नका," तो म्हणाला. "मी पडलो विकणारा. माझ्या तोंडावर विश्वास ठेवाल तर फसाल. कागदावर ठेवा."

स्वतःवर विश्वास ठेवू नका म्हणणारा व्यापारी उस्तादांना पहिल्यांदाच भेटत होता, त्यामुळे त्यांचा त्याच्यावर लगेच विश्वास बसला.

कागद तपासणी केंद्राचा होता. ही व्यवस्था आमच्या देशाला भूषणावह आहे. तपासणारा मोटारीखाली शिरतो, सांगाड्याचे चार कोपरे टॉर्चने पाहतो आणि प्रत्येकापुढे शेरा लिहितो : 'चांगला', 'टकोर', 'धक्का' किंवा 'कापलेला'. चारही कोपऱ्यांपुढे 'चांगला' आलं की गाडी 'चार चांगले' झाली. ही पदवी इतकी मानाची आहे की सोयरीक जमवतानासुद्धा लोक विचारतात, "मुलगा कसा आहे?" आणि उत्तर येतं, "चार चांगले." पांढऱ्या गाडीच्या कागदावर चार वेळा 'चांगला' होतं, खाली शिक्का होता, आणि शिक्क्यावर सही होती. उस्तादांनी चार चांगल्यांची बेरीज दोनदा करून पाहिली आणि नऊ हजार दिनार मोजले.

तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की गाडी सरळ रस्त्यावर किंचित तिरकी चालते, खेकड्यासारखी. चाकं जुळवून घ्यायला उस्ताद बर्जसच्या गॅरेजात गेले. बर्जस गाडीखाली शिरला, बराच वेळ बाहेर आला नाही, आणि आला तो हात पुसत.

"उस्ताद, तुम्ही पैसे एका गाडीचे दिलेत की दोन गाड्यांचे?"

"म्हणजे?"

"म्हणजे पुढची अर्धी वेगळी आणि मागची अर्धी वेगळी. मध्ये शिवण आहे, पुढच्या सीटखाली. सीटबेल्टच्या पट्ट्यांवरचं साल बघा ना. पुढच्या पट्ट्यांवर सोळा आहे, मागच्यांवर एकोणीस. मागची अर्धी तीन वर्षांनी धाकटी आहे."

मग त्याने स्टिअरिंगवरचं झाकण उचकटलं. तिथे एअरबॅग असते असा समज आहे. तिथे वर्तमानपत्राची नीट घडी होती, आणि त्यावर पेन्सिलीने अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. उस्तादांनी सवयीने ते तपासलं. तीन उत्तरं चुकली होती.

गाडी तशीच तिरकी चालवत उस्ताद झरकाला गेले. अबू नायेफने चहा मागवला.

"पुढची अर्धी चांगली आहे की नाही?" त्याने विचारलं. "आहे. मागची अर्धी चांगली आहे की नाही? आहे. दोघांबद्दल मी पोराबाळांची शपथ घेईन. आता मला सांगा, दोन चांगल्या घरच्या माणसांचं लग्न लावून दिलं, तर त्याला फसवणूक म्हणायचं का?"

"आणि मधली शिवण?"

"मधल्या भागाला कागदावर रकाना आहे का?"

रकाना नव्हता. उस्तादांनी कागद उलटून मागूनही पाहिला.

"न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं नाही म्हणून तुम्ही कधी कुणाचे मार्क कापलेत, उस्ताद?"

उस्तादांनी कधीच कापले नव्हते. एकतीस वर्षांत असा बिनतोड मुद्दा त्यांच्यापुढे कुणी मांडला नव्हता. पण ते बापही होते. घरी येऊन त्यांनी चार पानी तक्रार लिहिली, परिच्छेदांना आकडे घातले, आणि वकिलाला गाठलं. वकील म्हणाला, दोनेक वर्षांत निकाल लागेल. ही बातमी दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजाआधी झरकाला पोचली, आणि त्याच संध्याकाळी निरोप आला : शुक्रवारी अबू नायेफची जाहा येते आहे.

जाहा म्हणजे वजनदार माणसांचं शिष्टमंडळ. ही आमची सर्वांत जुनी आणि सर्वांत सुंदर रीत. ज्याने आगळीक केली, त्याने आपल्या बाजूची मान्यवर मंडळी जमवून ज्याच्याशी आगळीक केली त्याच्या दारी तक्रार सोडून द्या असं सांगायला जायचं. यात नुकसान झालेल्या माणसाचा मोठा सन्मान होतो. (या सन्मानाचा खर्च : भाड्याच्या खुर्च्या साठ, गल्लीत मांडव एक, कुनाफा मिठाईच्या पराती तीन, कॉफी चार किलो. देणारा : नुकसान झालेला माणूस.) किती माणसं आणायची याचेही संकेत आहेत. आरसा फुटला तर पाच पुरतात, दरवाजा गेला तर बारा. अबू नायेफने चाळीस आणली, त्यावरून गाडीची खरी अवस्था प्रथमच अधिकृतपणे समजली.

"बाबा, फसवलं त्याने, आणि कुनाफा आपण का आणायचा?" रनीमने विचारलं.

"लोक येताहेत गं घरात," तिची आई म्हणाली. "मग काय दारात उभं करून सांगाडा दाखवू त्यांना?"

चाळीस जण अकरा गाड्यांतून आले आणि मांडवात बसले. जाहाचे प्रमुख होते नव्वाश पाशा, सैन्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पिळदार मिशांचे. कडू कॉफीचा पहिला कप त्यांच्या हाती दिला गेला. त्यांनी तो प्यायला नाही, समोरच्या टेबलावर ठेवला. मागणी मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफी पीत नाही, आणि पाहुण्याची कॉफी थंड होणं ही यजमानाच्या सात पिढ्यांची नाचक्की. थोडक्यात, वाटाघाटींना मुदत असते ती कॉफी निवेपर्यंतची. एवढी जलद न्यायव्यवस्था जगात दुसरीकडे नसावी.

पाशा वीस मिनिटं बोलले. त्यात उस्तादांच्या आजोबांच्या उदारपणाची नऊ मिनिटं होती, शेजारधर्माची सहा, आणि "लोखंडाचा एक तुकडा" हे शब्द दोनदा आले. गाडीचा उल्लेख एवढाच.

उत्तर द्यायचा मान घरातल्या वडीलधाऱ्याचा असतो. म्हणून उस्तादांचे थोरले चुलतभाऊ हाज सलामा उभे राहिले. हाज सलामांना गाडी चालवता येत नव्हती. सगळीकडे ते दुसऱ्याच्या गाडीने जात. त्यांनी आधी उस्तादांची तक्रार मोठ्याने वाचून दाखवली : पहिला मुद्दा, सांगाडा मधून जोडलेला. दुसरा, पुढच्या आणि मागच्या भागाचं साल वेगळं. तिसरा, चाल तिरकी. चौथा, एअरबॅगच्या जागी वर्तमानपत्र. उस्तादांना वाटलं, आपली बाजू किती भक्कम आहे.

"यातला पहिला मुद्दा," हाज सलामा म्हणाले, "आम्ही अल्लाखातर सोडला."

"अल्ला तुमचं भलं करो," चाळीस जण म्हणाले.

"दुसरा, आमच्या दारी आलेल्या या पाहुण्यांखातर."

उस्तादांनी वर्गात मुलं करतात तसं बोट वर केलं. हाज सलामांनी ते न बघताच खाली दाबलं.

"तिसरा, नव्वाश पाशांच्या शब्दाखातर. गाडी तिरकी चालते तर चालू दे, माणसं सरळ चालल्याशी कारण."

"हाज," उस्ताद कुजबुजले, "चौथा तेवढा सोडू नका हो. त्या स्टिअरिंगपुढे रनीम बसणार आहे."

"अरे, चाळीस माणसांसमोर एका फुग्यासाठी अडून बसतोस? लोक काय म्हणतील?" हाज सलामा तितक्याच हळू म्हणाले, आणि मग मोठ्याने, "आणि चौथा मुद्दा आम्ही सोडला पाशांच्या कॉफीखातर, कारण ती निवत चालली आहे. प्या, पाशा."

पाशा प्यायले. चाळीस जण प्यायले. अबू नायेफने डबडबल्या डोळ्यांनी उस्तादांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी उस्तादांनाही फार बरं वाटलं. जन्मभर अर्धा मार्क न सोडलेल्या माणसाने एका दुपारी शंभरपैकी शंभर सोडून दिले होते, आणि अख्खी गल्ली पाहत होती.

मांडव उतरवताना रनीम बाहेर आली.

"बाबा, एक तारखेला ड्यूटी आहे," ती म्हणाली. "देवाखातर, पाहुण्यांखातर आणि पाशांखातर झालं सगळं. मी घाट कुणाखातर उतरू, तेवढं सांगून ठेवा."

पोरीला त्या गाडीत बसू द्यायचं नाही हे उस्तादांनी तिथल्या तिथे ठरवलं. एक तारखेला बारा दिवस होते. गाडी विकली तरच दुसरी घेता येणार होती, म्हणून दुसऱ्या दिवशीच त्यांनी मागच्या काचेवर 'विकणे आहे' असं लिहिलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं. उस्तादांनी त्याला शिवण दाखवली, पट्ट्यांवरची सालं दाखवली, शब्दकोडंही दाखवलं. गिऱ्हाइकाचे डोळे भरून आले. असा सच्चा माणूस आपण पाहिला नाही असं तो म्हणाला, आणि झरकाला जाऊन अबू नायेफकडून गाडी घेऊन आला. दुसऱ्याला सगळं सांगितल्यावर तो विचारात पडला : हा माणूस एवढं आपणहून सांगतोय, तर लपवत किती असेल? तिसऱ्याने घरी फोन केला आणि बायकोला सांगितलं की गाडी बरी दिसते, मालकाचं डोकं ठिकाणावर नाही. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी खुद्द अबू नायेफ आला. समेट झाला होता, आता तो घरचाच होता.

"उस्ताद, तुमचं चुकतंय कुठे सांगू? तुम्ही उत्तरं देता. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा त्याला उत्तर नको असतं हो. नुसतं हूं म्हणायचं. बाकीचं ते स्वतःच बोलतं."

रनीमची आई, उम् रनीम, आतून म्हणाली, "ऐका जरा त्यांचं. पोरगी जाणार कशात पाच दिवसांनी?"

आठव्या दिवशी अजलूनच्या डोंगराकडचा एक साधा माणूस आला, मुलीला घेऊन.

"गाडी कशी आहे, उस्ताद?"

"अल्लाची कृपा," उस्ताद म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

"कुठे लागलीबिगली?"

उस्तादांनी कागद पुढे केला. तो माणूस बोट ठेवून चारही शेरे वाचत असताना ते म्हणाले, "पुढचा भाग चांगला आहे. मागचाही चांगला आहे." हेही खरं होतं.

"शिक्षकाच्या घरची गाडी," तो माणूस आनंदाने म्हणाला. "मग बघायलाच नको. घरातल्या घरातच चालवली असेल."

"हूं," उस्ताद म्हणाले.

तोवर मुलगी स्टिअरिंगपुढे बसली होती. पाय पुरेनात म्हणून तिने सीट पुढे ओढून घेतली, पट्टा लावला, आणि बापाकडे बघून हसली. उस्ताद समोरच्या टेकडीवरची घरं मोजत होते. पैसे त्यांनी घेतले, पण मोजले नाहीत.

एक तारखेला रनीम नव्याकोऱ्या छोट्या गाडीने घाट उतरली. एकच गाडी, एकाच सालची, एअरबॅगच्या जागी एअरबॅग. (कमी पडलेले पैसे उम् रनीमच्या बांगड्यांतून उभे राहिले.) दवाखान्यात पोचल्याचा फोन आला तेव्हा उस्ताद खुर्चीतून उठून नमाजाला गेले.

पोरगी वाचली याचा आपणा सर्वांनाच आनंद झाला. गाडी खपेना तेव्हा आपण हळहळलो, उस्ताद "हूं" म्हणाले तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला, हे नाकारण्यात अर्थ नाही. (नाकारणाऱ्यांनी तेवढा भाग पुन्हा वाचावा.) अजलूनचा रस्ताही घाटाचाच आहे. त्या मुलीचं नाव काय, ती रोज कुठवर जाते, हे उस्तादांनी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत.