आलुबुखारातला ससा

ओलिंतोने ससा आणला तो तान्ह्या बाळाला आणावे तसा, दोन्ही हातांनी छातीशी धरून. ससा करडा, गुबगुबीत आणि पूर्णपणे जिवंत होता.

"घ्या बाई," तो दारातूनच म्हणाला. त्याच्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती, त्यामुळे त्याने ससा हेन्रिकेच्या दिशेने न धरता दाराच्या चौकटीच्या दिशेने धरला. "रविवारच्या जेवणाला."

तीन दिवसांपूर्वी हेन्रिकेने त्याला आपल्या गाडीतून शहरातल्या दवाखान्यात नेले होते. मोतीबिंदू काढेपर्यंत चार तास बाहेर बसली होती आणि परत आणून घरी सोडले होते. मोंताल्फिएरी या इटलीतल्या गावात असल्या उपकाराची फेड नुसत्या आभारांवर होत नाही. हॉलंडहून येऊन या टेकडीवर राहिल्याला हेन्रिकेला चार वर्षे झाली होती. एवढ्या काळात तिच्या दारात अंडी आली, टोमॅटोच्या टोपल्या आल्या, एकदा तर रानडुकराची अख्खी मांडी आली. ससेही आले होते, पण सोललेले, स्वच्छ धुतलेले, पोटात रोझमेरीची काडी खोचलेले.

"ओलिंतो, पण हा... हलतोय."

"हलणारच. ताजा आहे."

"नाही, म्हणजे नेहमी देर्नाबाई..."

"देर्ना गेलीये लेकीकडे, सोमवारी येईल. ससे तीच उरकते. आणि मला डॉक्टरांनी वाकायला नि जोर लावायला मनाई केलीये." त्याने ससा तिच्या हातात ठेवला. "त्यात काय एवढं? मानेवर एक फटका. झालं."

हेन्रिकेने चौतीस वर्षे ग्रोनिंगेनच्या शाळेत भूगोल शिकवला होता. कोणाच्याही मानेवर फटका मारण्याचा तिला अनुभव नव्हता. पण भेट नाकारायची सोय नव्हती. गावातल्या बेकरीवाल्याचे आणि औषधवाल्याचे अशी दोन घरे तीन पिढ्या एकमेकांशी बोलत नाहीत, ते कोणा आजीने परत पाठवलेल्या एका केकवरून, हे तिला ठाऊक होते. तिने तोंड भरून आभार मानले आणि ससा न्हाणीघरात नेऊन ठेवला.

शुक्रवारी तिने सुरीला धार लावली. शनिवारी ती सुरी घेऊन न्हाणीघरात गेली आणि सशाला गाजर चिरून देऊन परत आली. रविवारी तिने खिडक्या सताड उघडल्या, ऑलिव्हच्या तेलात कांदा आणि रोझमेरी खरपूस परतली, वास शेजारच्या अंगणापर्यंत पोचेल इतका वेळ परतली, आणि मग उकडलेले अंडे खाल्ले.

सोमवारी सकाळी ओलिंतोची बायको देर्ना आली. शहात्तर वर्षांची, बुटकी, रुंद बांध्याची बाई. हाक मारली तर समोरच्या टेकडीवरची कुत्री उत्तर देत. आज मात्र आवाज खाली होता.

"ओलिंतो म्हणाला, ससा दिलाय तुम्हाला. खाल्लात?"

"खाल्ला."

"सगळा?"

"सगळा," हेन्रिके म्हणाली. खोटे बोलायचेच तर पोटभर बोलावे, असे तिला वाटले. "इतका मऊ ससा मी जन्मात खाल्ला नव्हता."

देर्नाचे डोळे भरून आले. कौतुकाने या बाईला किती बरे वाटते, असे हेन्रिकेच्या मनात आले आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"बरं झालं," देर्ना एप्रनला हात पुसत म्हणाली. "तुमच्या अंगी लागला ना, बरं झालं. केलात कसा?"

हेन्रिके गांगरली. इथल्यासारखा रानबडीशेप घालून केला म्हणावे, तर देर्ना पुढचे दहा प्रश्न विचारणार आणि पकडणार. तिला लहानपणीची आईची सशाची हंडी आठवली.

"आलुबुखार घालून. आणि काळी बिअर."

"आलुबुखार," देर्ना म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलेल्या रोगाचे नाव माणूस पुन्हा म्हणून बघतो, तसे म्हणाली. "सशात?"

दुपारपर्यंत ही बातमी बारमध्ये पोचली. हेन्रिके कॉफीला गेली तेव्हा बार चालवणारी निवेस हातातला कप तसाच धरून उभी राहिली.

"बाई, खरं सांगा. बिया काढून घालतात की बियांसकट?"

"काढून."

"मी म्हटलं नव्हतं, काढून!" कोपऱ्यातून औषधवाला ओरडला. "जुन्या काळी ड्यूकच्या मुदपाकखान्यात गोड सशाचा मान असे."

"ड्यूकला दात नव्हते, म्हणून!" दुसऱ्या टेबलावरून बेकरीवाला कपाला उद्देशून म्हणाला. तीन पिढ्यांत पहिल्यांदाच त्या दोन घरांत संभाषणासारखे काहीतरी झाले, आणि तेही सशामुळे, हे पाहून डॉन गास्पारे हे पाद्रीबाबा खुर्चीवरून उठले.

"वाद नको. सान रोक्को संताच्या उत्सवाचं जेवण दहा दिवसांवर आलंय. देर्नाचा रानबडीशेपेचा ससा दरवर्षी असतोच, यंदा शेजारी हेन्रिकेबाईंची हंडी. ससे घरटी एक. साफ करून देर्ना देईल."

"पण मी..." हेन्रिके म्हणाली.

"लाजू नका. दीडशे पानं तर आहेत."

घरी येऊन ती न्हाणीघरातल्या स्टुलावर बसली. आलुबुखाराची ती हंडी तिने लहानपणी खाल्ली होती, एवढाच तिचा संबंध. आईने तिला चुलीजवळ कधी उभेही केले नव्हते. ससा तिच्या चपलेची कड कुरतडत होता.

त्याचा खुराक हा आणखी एक घोर होता. दोनदा बाजारातून गाजरे आणल्यावर निवेसने विचारले, डोळ्यांना काही झालंय का. मग हेन्रिके शेताच्या कडेने लसूणघास तोडू लागली. तिसऱ्या दिवशी हातात भारा असतानाच देर्ना समोर आली.

"सॅलडला," हेन्रिकेने विचारण्याआधीच सांगून टाकले.

देर्नाने एकवार घासाकडे, एकवार तिच्याकडे पाहिले. त्या दिवसापासून रोज बाराच्या ठोक्याला हेन्रिकेच्या पायरीवर झाकलेली ताटली येऊ लागली: भरलेले दोडके, शेंगांची उसळ, घरच्या शेवया. एकटी परदेशी बाई, आणि तिच्यावर गवत खायची वेळ आली, ही गोष्ट देर्नाला सोसवेना. प्रत्येक ताटलीगणिक हेन्रिकेला आपले खोटे जास्त बोचू लागले.

उत्सवाच्या दोन दिवस आधी सकाळी तिने न्हाणीघराचे दार उघडले. मळक्या कपड्यांच्या टोपलीत, तिच्या चांगल्या लोकरी स्वेटरवर, सशाने स्वतःच्या पोटाचे केस उपटून गादी केली होती, आणि त्या गादीत काहीतरी वळवळत होते. तिने मोजले. आठ.

आता लपवणे शक्य नव्हते. चार वर्षांत जोडलेले सारे आज जाणार, हे मनाशी पक्के करून ती देर्नाच्या अंगणात गेली. देर्ना ओट्यावर सुऱ्या पुसत होती.

"देर्नाबाई, मी खोटं बोलले. मी ससा मारला नाही. खाल्ला नाही. मला जमलंच नाही. तो माझ्या न्हाणीघरात आहे."

देर्नाच्या हातातली सुरी तशीच राहिली. "करडा?"

"करडा. आणि त्याला... म्हणजे तिला, आठ पिल्लं झालीत."

देर्नाने सुरी टाकली, हेन्रिकेचे डोके दोन्ही हातांनी खाली ओढून तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि समोरच्या टेकडीवरची कुत्री भुंकू लागतील अशा आवाजात ती ओरडली, "ओलिंतो! मेल्या, बाहेर ये! कोंतेस्सा जिवंत आहे!"

हळूहळू उलगडा झाला. ती करडी सशीण म्हणजे देर्नाचा जीव की प्राण. पाच तालुक्यांत विणीची तशी सशीण नव्हती. ओलिंतोने एका डोळ्याने भलताच पिंजरा उघडला होता. सोमवारी परत आल्यावर देर्नाने रिकामा पिंजरा पाहिला, धावत हेन्रिकेकडे आली, आणि "सगळा खाल्ला" हे ऐकून तशीच दुःख गिळून परतली होती.

"मला बोलल्या का नाहीत?" हेन्रिकेने विचारले.

"काय बोलू? दिलेल्या भेटीला दोष लावू?" देर्ना चिडलीच. "तुम्ही खाल्लीत, तर ती तुमची. आठ दिवस मी याच्याशी बोलले नाहीये, पण तुम्हाला कळू दिलं का?"

"नाही बोलली," ओलिंतो दारातून म्हणाला. "फार बरे दिवस गेले."

कोंतेस्सा टोपली आणि स्वेटरसकट मिरवत घरी गेली. उरला प्रश्न हंडीचा. जाता जाता हेन्रिकेने तेही कबूल केले, की आपल्याला ती करता येत नाही, फक्त चव आठवते.

"आठवते ना? मग झालं," देर्ना म्हणाली. "तुम्ही बसा, मी करते. तुम्ही फक्त चाखा."

उत्सवाच्या दिवशी पहाटेपासून देर्नाच्या अंगणात दोन मोठ्या हंड्या चढल्या. देर्ना पळी पुढे करी, हेन्रिके डोळे मिटून चाखी. "आईच्यात थोडा आंबटपणा होता." देर्नाने व्हिनेगर ओतले. "अजून काहीतरी... तपकिरी." देर्नाने शिळ्या पावाची जळकी कड कुस्करून घातली. पाचव्या वेळी हेन्रिकेने पळी परत दिलीच नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे, खिडकीबाहेर पाऊस असलेले ते स्वयंपाकघर इटलीच्या टळटळीत उन्हात तिच्या जिभेवर उतरले होते. देर्नाने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि हंडीखालचा जाळ काढला.

चौकात पाने मांडली गेली तेव्हा देर्नाने हंडी स्वतः उचलून आणली. "हेन्रिकेबाईंनी केलाय," तिने सगळ्यांना बजावले. "मी नुसता जाळ सांभाळला."

औषधवाल्याने पहिला घास घेतला. बेकरीवाल्याने दुसऱ्या टोकाला घेतला. दोघांनीही दुसरा घेतला. मग निवेस म्हणाली, "वाईट नाही." मोंताल्फिएरीत याच्या वर कौतुकाचा शब्द नाही. बेकरीवाल्याने न बोलता पावाचा तुकडा औषधवाल्याच्या ताटाकडे सरकवला, रस्सा पुसायला.

हिवाळ्यात देर्नाने हेन्रिकेला हंडी शिकवायला घेतली. पुढच्या उत्सवाला पुन्हा करावी लागणार, आणि किती वर्षे आपण जाळ सांभाळणार, असे तिचे म्हणणे. ओट्याशी दोघी उभ्या राहिल्या. हेन्रिकेने बिअरची बाटली उघडली आणि हंडीवर धरली, तोच देर्नाने तिच्या मनगटावर चापट मारली.

"अहो बाई, आधी कांदा! किती वेळा सांगायचं? हॉलंडात असं करतात का कुठे?"

"नाही करत," हेन्रिके म्हणाली. "चुकलं माझं." आणि तिने कांदा चिरायला घेतला.