ढोबळे काकांचा सत्कार थांबवा

अन्याय झाला वसंतराव ढोबळे यांच्यावर. कधी झाला तेही सांगते: गेल्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेअकरा वाजता, आमच्या कॉलेजच्या जिन्याखाली. मुलींच्या बेसबॉल संघानं यंदाही ट्रॉफी आणली म्हणून तिथं एक फलक लावला. वर सोनेरी अक्षरांत 'प्रशिक्षक मंडळ'. खाली मिश्रा सर, मुख्य प्रशिक्षक. मग तिवारी मॅडम, चेंडूफेक शिकवणाऱ्या. त्याखाली एक फिजिओ, जो अख्ख्या मोसमात दोनदा आला आणि दोन्ही वेळा समोसे खाऊन गेला. ढोबळे काकांचं नाव नाही.

पडदा सरकला तेव्हा काका माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी फलक वरपासून खालपर्यंत वाचला. टोपीला हात लावला, डावा कान ओढला, छातीवरून पंजा फिरवला, पट्ट्याला दोन बोटं टेकवली आणि टाळ्या वाजवल्या.

"काका, हे काय?" मी संतापून विचारलं.

"काही नाही बेटा. कचरा."

हे कळायला आधी काका कळायला हवेत. मी प्रयत्न करते. यश येईलच असं नाही.

बेसबॉलमध्ये तिसऱ्या बेसजवळ, रेषेबाहेर, एक प्रशिक्षक उभा असतो. बॅट घेतलेल्या आणि बेसवर थांबलेल्या मुलींना तो हातांनी इशारे देतो: पळ, थांब, चेंडू नुसता अडव. समोरच्या संघाला कळू नये म्हणून तो सारखं काहीतरी करत असतो आणि त्यातलं बहुतेक खोटं असतं. आमच्यात कोपर ही चावी. कोपराला हात लागला की त्याच्या पुढचा एक इशारा खरा. बाकी सगळा कचरा. हा शब्द काकांचा. मी शाळेत होते तेव्हापासून ते त्या जागी उभे आहेत.

अडचण एवढीच की काका हे मैदानाबाहेरही करतात. इथल्या घमापूरच्या बाजारात भाजीवाल्यासमोर टोपी, कान, कोपर, नाक असं चालतं. भाजीवाला आता सरावलाय. तो मुकाट मेथी खाली ठेवतो आणि पालक उचलतो. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात काकांनी वाढप्याला लांबूनच जिलबी मागितली. वाढपी धावत जाऊन माझ्या काकूला घेऊन आला. "दीदी, बुजुर्ग को कुछ हो रहा है." काकू पाणी घेऊन आली. काका पाणी प्यायले आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळे इशारे केले, या वेळी जरा सावकाश.

बोलण्यालाही ते हेच माप लावतात. प्राचार्या मॅडमचं अर्ध्या तासाचं भाषण ऐकून बाहेर आले की म्हणतात, "चावी लागलीच नाही." सकाळी पेपर उघडतात, मिनिटभरात मिटतात. बाकी कचरा.

मी दोन वर्षं संघात होते, म्हणजे बाकावर होते. एकदाच एका महत्त्वाच्या सामन्यात मला पळायला मिळालं. मी दुसऱ्या बेसवर. काकांच्या कोपरावर डास बसला. त्यांनी तो मारला आणि मग चष्मा सावरला. कोपर म्हणजे चावी, चष्मा म्हणजे पळ. मी जीव खाऊन पळाले आणि बाद झाले. मिश्रा सर माझ्या अंगावर ओरडणार, तेवढ्यात काका मध्ये आले.

"तिले काहून बोलून राहिले? तिनं बरोबर केलं. हात लागला म्हणजे लागला. डासाचा इशाराही इशाराच असते."

तेव्हापासून काका मे महिन्याच्या उन्हातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, मनगटापर्यंत बटणं लावून. माझ्यासाठी हे कोणी केलेलं नाही. म्हणून तो फलक मला सहन झाला नाही.

मी पत्रक काढलं. मला दुसरं काही येत नाही, पण हे येतं. तीन मागण्या: ढोबळे यांचं नाव फलकावर लिहा, त्यांना नेमणुकीचं पत्र द्या, जाहीर सत्कार करा. पहिली प्रत काकांना दाखवायला नेली. त्यांनी चार पानं उलटीपालटी केली.

"छान आहे. काहून लिहिलं?"

"तुमच्यावर अन्याय झाला म्हणून."

"अच्छा. माझ्यावर का?" ते विचारात पडले. "मले तर काही लागलं नाही."

मी सही मागितली. त्यांनी पेन घेतला, टोपण काढलं, टोपण लावलं, पेन माझ्या खिशात परत ठेवला आणि मला चहा पाजला. अन्यायाची सवय झालेली माणसं अशीच वागतात, असं मी समजले. आमच्या विद्यार्थी संघटनेच्या शिबिरात हे शिकवलेलंही होतं.

मग कॅन्टीनमध्ये सभा घेतली. अख्खा संघ आला. काका माझ्या मागच्या खुर्चीत बसले. मी बोलायला उभी राहिले, पहिल्या मागणीवर पोचले आणि सगळ्या मुली एकदम उठल्या, बॅगा उचलल्या आणि रांगेनं निघून गेल्या. मला वाटलं, दबाव. त्याच संध्याकाळी मी दुसरं पत्रक काढलं: खेळाडूंना धमकावलं जात आहे. दुसऱ्या दिवशी कॅप्टन भेटली.

"दीदी, किसीने नहीं धमकाया. काकाजीने साइन दिया, सब घर जाओ. हम चले गए."

"सभा तुमच्या काकाजींसाठीच होती ना?"

"हाँ, हम भी कन्फ्यूज थे. पर कोहनी छुई थी उन्होंने."

कोहनी म्हणजे कोपर. माझ्या गोंधळाची कल्पना करा. ज्याच्यासाठी लढायचं तोच माणूस आपली सभा उधळतो. तरी मी थांबले नाही. तिसरं पत्रक काढलं, दोनशे सह्या गोळा केल्या, प्राचार्या मॅडमच्या दारात बसले. आणि जिंकले. मॅडम म्हणाल्या, तिन्ही मागण्या मान्य. फक्त पत्रासाठी जन्मतारीख हवी.

जन्मतारीख मीच नेऊन दिली. माझ्या हातानं.

दोन दिवसांनी ऑफिसातून उत्तर आलं. वयाची मर्यादा कधीच उलटून गेली असल्यामुळे नेमणुकीचं पत्र देता येत नाही. शिवाय नेमणूक नसलेला माणूस सामन्याच्या वेळी मैदानात कसा काय उभा राहतो, हा प्रश्न निर्माण झाला आहे. तो इतकी वर्षं निर्माण झाला नव्हता; माझ्या पत्रकानं केला. तेव्हा शनिवारी दुपारी चार वाजता सभागृहात काकांचा शाल देऊन सत्कार होईल, फलकावर नाव लागेल, त्यापुढे कधीपासून कधीपर्यंत तेही लिहिलं जाईल, आणि सोमवारपासून तिसऱ्या बेसला नवा माणूस येईल.

मी मिश्रा सरांकडे धावले. ते जाळी गुंडाळत होते. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

"बोर्ड बन रहा था तब मैंने सबसे पहले उन्हीं का नाम लिखा था. हाथ जोड़े उन्होंने मेरे सामने. बोले, मिश्राजी, मत लिखो. मैंने काट दिया. तुमको पूछना नहीं था एक बार?"

विचारलं होतं ना, असं म्हणायला मी तोंड उघडलं. विचारलं नव्हतं. सही मागितली होती.

काका मैदानावर होते, चुन्याची रेषा ओढत. मुली अजून आल्या नव्हत्या. बातमी त्यांना आधीच पोचली होती. मी माफी मागितली. त्यांनी चुन्याचा डबा खाली ठेवला, आणि पहिल्यांदाच त्यांचे दोन्ही हात नुसते खाली लोंबत राहिले.

"फॅक्टरीतून रिटायर झालो," ते म्हणाले, "तेव्हाही शाल दिली होती. भाषणं झाली, फोटो झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं डबा घेऊन गेटवर गेलो. रोज ज्याच्यासंग चहा प्यायचो तो गार्ड म्हणाला, साब, पास? त्याचं काही चुकलं नाही जी. मग डबा खायला इकडं कुंपणाशी येऊन बसलो. पोरी खेळून राहिल्या होत्या. चेंडू बाहेर आला, मी परत फेकला. एकीले म्हटलं, बेटा, पाय लवकर उचलते तू. दुसऱ्या दिवशी ती मले शोधत आली."

"पण नाव का नको म्हणालात?"

"नाव लिहिलं की पुढं तारीख लिहितात. लिहिलंच नाही तर संपवणार कोण? मिश्राजीले माहीत होतं, प्राचार्या मॅडमलेही माहीत होतं. सगळे मले न पाहिल्यासारखं करत होते. चांगलं चाललं होतं."

काकांनी अर्धवट राहिलेल्या रेषेकडे पाहिलं.

"पोरगा पुण्याले बोलावते. चांगला आहे तो. पण बेटा, इथं बॅट घेऊन उभी राहिली की प्रत्येक पोरगी आधी एकदा माझ्याकडे बघते. मी काही सांगतो का, म्हणून थांबते. दिवसभरात मले एवढं कोण बघते, सांग."

मग त्यांनी चुन्याचा डबा उचलला आणि राहिलेली रेषा ओढायला लागले. रेषा जराशी वाकडी गेली. त्यांनी ती पायानं पुसली आणि पुन्हा ओढली.

हे माझं चौथं पत्रक. पहिली तीन चुकीची होती, असं मी इथं लिहून देते. त्यांवर सही केलेले दोनशेजण तुम्हीच आहात. तुमचे पत्ते माझ्याकडे आहेत आणि मी घरोघरी येणार आहे. शनिवारी सभागृहात जाऊ नका. शाल विकत घेतली असेल तर दुकानात परत करा. आणि शुक्रवारी दोनच्या आत ऑफिसच्या खिडकीवर आपल्या हातानं एका ओळीचा अर्ज द्या, हिंदीत द्या नाहीतर मराठीत द्या: वसंत ढोबळे यांचं नाव फलकावर लिहू नका, त्यांना कोणतंही पत्र देऊ नका, आणि सोमवारी सकाळी ते मैदानात दिसले तर पूर्वीसारखंच दुसरीकडे बघा.