रिकामी पर्स पाठवू नये

बायकांच्या पर्समध्ये मूठभर सोडे घालून ती कुरिअरने पाठवणारा रत्नागिरीतला मी बहुधा पहिलाच गृहस्थ. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. आमच्याकडे तिचा डबा तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवतात, तरी पाहुणा जिन्यातूनच विचारतो, "आज सोडे का?"

हे माझ्या हातून कसं झालं ते कळायला आधी कुंदाताई कळायला हव्यात.

कुंदाताई आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये एकट्या राहतात. शाळेत शिवण शिकवायच्या, आता रिटायर झाल्यात. अख्ख्या बिल्डिंगचे जुने कपडे आणि पर्सा गोळा करतात, फोटो काढतात आणि ऑनलाइन विकतात. जग मालाची चांगली बाजू पुढे करतं. कुंदाताई आधी डाग दाखवतात. डागाशेजारी रुपयाचं नाणं ठेवतात, आकार कळावा म्हणून. एका कुडत्याचं भोक फोटोत येईना, तेव्हा त्यामागे लाल कागद धरून मला अर्धा तास उभं केलं होतं.

"हात दिसतोय, भाऊ! घेणारीला वाटेल, हातासकट मिळणार."

एका पर्सच्या फोटोखाली मजकूर: 'आतली चेन हट्टी आहे. गोडीत ओढल्यास ऐकते.'

एवढं कशाला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "मागाहून बोल नको."

गिऱ्हाइकाचीही उलटतपासणी. "कुठे घालणार? लग्नात? मग नको घेऊस गो बाय, घामाला रंग सोडतो हा." एवढ्यातून एखादं पार्सल गेलंच, तर ते पोचेपर्यंत यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

आणि एक नेम. रिकामी पर्स कोणाच्या घरी पाठवायची नाही. आत सुपारी जायचीच. एक पर्स सावर्ड्याला जायची होती, नेमक्या त्या दिवशी सुपाऱ्या संपल्या. कुरिअर माझ्या ऑफिसच्या वाटेवर, म्हणून पार्सलं नेणं माझ्याकडे. "तुमच्या घरातलं काहीतरी चांगलं घाला हो आत," त्या म्हणाल्या. बायको बाजारात गेली होती. आता आमच्या घरात सोड्यांपेक्षा चांगलं काय असतं?

रविवारी संध्याकाळी कुंदाताईंना सावर्ड्याहून फोन आला. पर्स घेणारी मुलगी, सायली, रडकुंडीला आली होती. "बाई, धुतली, उन्हात ठेवली, वास जात नाही. दुसरी पर्स नाही माझ्याकडे. उद्या अकराला लोट्याला कंपनीत इंटरव्ह्यू आहे हो. दोन वर्षांनी बोलावलंय कोणीतरी."

कुंदाताई मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "माझ्या घरून गेलेली पर्स," एवढंच पुटपुटत राहिल्या.

सोमवारी उजाडताच आम्ही माझ्या जुन्या गाडीतून निघालो. कुंदाताईंनी स्वतःच्या वापरातली तपकिरी पर्स रिकामी करून मांडीवर घेतली होती. हातखंबा येईपर्यंत त्यांनी पाचदा विचारलं, "पोचू ना?" पुढे पुढे मीही स्वतःला तेच विचारू लागलो.

सायली सावर्ड्याच्या स्टँडवर उभी होती, चेहरा पांढराफटक. कुंदाताईंनी आधी तिची ओढणी हुंगली, मग केस. "ठीक. नुसती पावडर येत्ये." मग पर्स दिली. मुलगी आभार मानायला लागली तर म्हणाल्या, "ते नंतर. बस गाडीत. एस्टी वाटेत बंद पडली म्हणजे?"

लोट्याच्या गेटातून ती साडेदहाला आत गेली. मी म्हटलं, चला, चहा घेऊ.

"तुम्ही घ्या. ती बाहेर आली आणि मी दिसले नाही तर?"

दीड तास त्या गेटासमोर उन्हात उभ्या. वॉचमनने स्टूल दिलं, त्यावर पिशवी ठेवली. शेवटी सायली आली, ती जवळजवळ धावतच. "पुढच्या सोमवारपासून ये म्हणाले!"

कुंदाताईंनी पदराने तिचं कपाळ टिपलं. पर्स परत करायला तिने हात पुढे केला, तो त्यांनी मागे लोटला. "सोमवारी काय, पिशवी घेऊन जाणार कामावर?"

सायलीला सावर्ड्याला सोडून परत निघालो. हातखंब्याजवळ कुंदाताई म्हणाल्या, "भाऊ, नाही विकलं गेलं तरी चालतं हो मला. फोटो टाकला की कोणीतरी काहीतरी विचारतं. लांबी किती, आटेल का. सगळं फोटोखाली लिहिलेलं असतं, तरी विचारतात. दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं."

मी उगाचच हॉर्न वाजवला.

घरी आलो तेव्हा बायकोने माळा आवरला होता आणि कुंदाताईंना द्यायचे जुने कपडे गाठोड्यात बांधत होती. मी सगळं सांगितलं. बांधलेली गाठ तिने सोडली, वरचा एक ब्लाउज काढून माझ्या हातात दिला आणि बाकीचं गाठोडं परत माळ्यावर ढकललं.

"आज एवढाच न्या," ती म्हणाली. "आणि जरा बसून या."