जयरामच्या टीव्हीतली मोकाट गाय

टोकावड्याच्या जयरामच्या घरात मुलगा आणि सून चार दिवस एकमेकांशी बोलत नव्हती. भांडण ग्राफिक्सवरून झालं होतं.

मुलगा हितेश ओपन वर्ल्ड गेम खेळायचा. घोड्यावर बसून डोंगर, शेतं, गावं, हवं तिकडं जायचं. सून कुणालीला लिनिअर गेम आवडायचे. तिथं वाट एकच, पण वाटेवरचं पान न् पान खरं वाटायचं.

"तुझ्या गेममधी पन्नास बाया, नि सगळ्यांचं तोंड एकच," कुणाली म्हणाली होती.

"नि तुझ्यात वाट सोडली का हवेला डोकं आपटतं."

एवढ्यावरून बोलणं बंद झालं. कुणालीनं डोळखांबला माहेरी जायला बॅग भरली. बायको गेल्यापासून जयरामला घर गप्प असलेलं सोसत नसे. ही दोघं भांडत का होईना, बोलत तरी होती.

"मी निवाडा करतो," तो म्हणाला. "तोवर बॅग उचलायची नाय."

बांधाचा वाद झाला की गावात दोन शेजारी बोलावून जागेवर पाहणी करायची रीत होती. जयरामनं सकुबाई आणि धर्माला बोलावलं. दोघं चपला काढून टीव्हीसमोर बसली.

आधी कुणालीचा गेम लावला. जंगल होतं. सकुबाईनं टीव्हीला नाक लावलं. "पानाच्या शिरा बी दिसतात गो!"

जयरामला खाली नदी दिसली. तो उतरायला गेला, पण पडद्यावरचा माणूस जागच्या जागी चालत राहिला.

"कुनी अडवलंय याला?"

"कुनी नाय, बाबा. तिकडं जायचंच नसतं."

"वहिवाटीची वाट अशी बंद करता येत नाय," धर्मा गंभीरपणे म्हणाला.

मग हितेशचा गेम लागला. शेत येताच जयरामनं घोड्यावरून उतरून बांध धरला. पिकातून घोडा घालणं त्याला जमेना. थोडं पुढं गेला आणि थांबला. उभ्या पिकात एक गाय चरत होती.

"कुनाची रे ही?"

"कुनाची नाय. शोभेला ठेवलीय."

"शोभेला? अर्धं शेत खाल्लंन तिनं!"

"कोंडवाड्यात घाला," धर्मा म्हणाला.

गेममध्ये कोंडवाडा नव्हता. टेकडीपलीकडं एक कुंपण होतं. गाय मात्र डावीकडून हाकली की उजवीकडं जायची आणि समोरून अडवली की नदीत शिरायची. दुसऱ्या दिवशी सकुबाईनं आपली जाऊ कमळ हिला आणलं. ती हातात काठी घेऊन टीव्हीला "हुर्र, हुर्र" करत होती. पडद्यावर मागं दरोडेखोरांनी गाव पेटवलं.

"बाबा, गाव वाचवायचंय!" हितेश ओरडला.

"आधी गाय," चौघंही एकदम म्हणाली.

टीव्ही मिळेना, म्हणून हितेश आणि कुणाली ओटीवर जाऊन बसली.

"तुझ्या गेमपायी झालं हे," कुणाली म्हणाली. भांडणानंतरचा तो पहिला शब्द होता.

"नि बॅग कुनी भरली?"

तासाभरानं दोघं जयरामच्या गाय हाकण्याची नक्कल करून हसत होती. तिसऱ्या दिवशी कुणालीनं बॅगेतून एक ड्रेस काढला, संध्याकाळी कंगवा काढला.

चौथ्या दिवशी गाय कुंपणात शिरली. धर्मानं स्वतः बटण दाबून फाटक लावलं. कमळनं काठी खाली ठेवली. चहा झाला आणि मंडळी घरी गेली.

कुणाली आत आली. "झाली ना पाहणी? मग सांगा बाबा, ग्राफिक्स कुनाचं भारी?"

"हां, आता सांगाच," हितेश मागून म्हणाला.

दोघं दोन भिंतींना जाऊन उभी राहिली. तोंडं पुन्हा घट्ट झाली होती. बॅग दाराशी होती.

जयरामनं दोघांकडं पाहिलं, मग पडद्याकडं. त्यानं अंगठा हळूच बटणावर टेकवला. फाटक उघडलं. गाय बाहेर पडली ती थेट पिकात.

"अरेच्चा, सुटली," जयराम म्हणाला. "सकुबाईला हाक मार गो."

"बाबा!" दोघांनी एकाच वेळी कपाळाला हात लावला आणि एकमेकांकडं पाहिलं. मग बडबडत दोघंही ओटीवर गेली.

जयरामनं टीव्हीचा आवाज कमी केला. ओटीवरचं बोलणं नीट ऐकू यायला लागल्यावर तो सावकाश, चुकीच्या बाजूनं गाय हाकू लागला.